नाकाचा फोटो काढायला निघालात? नथ घरी ठेवा!

मावशीच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिने चष्मा नीट बसवून ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "अगं, इथे वॉटर लिहिलंय. पाणी पिऊन यायचं होतं का? सोनोग्राफीच्या वेळी पाजलं होतं तसं?" शेजारच्या बाकावरच्या काकांनी ते ऐकून लगेच पिशवीतली बाटली बाहेर काढली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एक्सरे पीएनएस, वॉटर्स व्ह्यू'. तर पहिली गोष्ट हीच सांगते. या एक्सरेसाठी पाणी प्यायचं नाही, उपाशी राहायचं नाही, रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. चहा-पोहे खाऊन खुशाल जा. 'वॉटर्स' हे माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स वॉटर्स या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने वॉल्ड्रन नावाच्या सहकाऱ्याबरोबर १९१५ साली लिहून ठेवलं, की डोकं अमुक कोनात धरलं तर गालामागच्या पोकळ्या स्वच्छ दिसतात. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा हनुवटी अजून त्याच रीतीने टेकवायला लावतात. आणि पीएनएस म्हणजे 'पॅरानेझल सायनसेस', नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्या.

मावशीचा एक्सरे दहा मिनिटांत उरकला. तिचे प्रश्न मात्र घर येईपर्यंत संपले नाहीत. त्यातले बरेचसे तुमच्याही मनात असणार, म्हणून ही भेळ.

सायनस 'होत' नाही, तो असतोच

"मला सायनस आहे," असं सांगणारा माणूस प्रत्येक घरात सापडतो. खरं तर सायनस तुम्हाला आहे, मला आहे, समोरच्या वाण्यालाही आहे. कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या अस्तराला सूज आली, की त्या दुखण्याचं नाव सायनसायटिस. अशा पोकळ्यांच्या चार जोड्या. एक गालांमागे, एक भुवयांच्या वर, एक दोन्ही डोळ्यांच्या मधोमध (ही मधाच्या पोळ्यासारखी, बारीक बारीक कप्प्यांची) आणि चौथी पार आत, कवटीच्या तळाशी. गालामागची सगळ्यांत मोठी. मोठ्या माणसाच्या एका गालामागे साधारण १५ मिलिलिटर जागा असते, म्हणजे खोकल्याचं औषध घ्यायचे तीन छोटे चमचे.

तान्ह्या बाळाच्या कपाळात मात्र सायनस नसतो. एक्सरेत दिसण्याइतका तो वाढतो साधारण सहाव्या-सातव्या वर्षानंतर, आणि काही माणसांत तो जन्मभर तयारच होत नाही. तीन वर्षांच्या लेकराचं डोकं दुखतंय म्हणून 'कपाळातला सायनस भरलाय' असं कुणी सांगितलं, तर ती पोकळी अजून तिथे आलेली नाही हे लक्षात ठेवा.

लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास कवटी उभी चिरून काढलेल्या चित्रांत कपाळातली आणि गालामागची पोकळी स्पष्ट दाखवली आहे. पण गालामागच्या पोकळीला दीर्घकाळ नाव राहिलं ते नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याचं. त्याने तिचं वर्णन १६५१ साली छापलं, आणि त्यात एका बाईची हकिकत आहे. तिचा वरचा दात काढला होता. त्या भोकातून सतत पाणी झिरपायचं, म्हणून तिने आत चांदीची सुई घालून पाहिली. सुई आत जातच राहिली. मग तिने पक्ष्याचं पीस सोलून घातलं, तेही गेलं. आपण थेट मेंदूपर्यंत पोचलो असं वाटून ती घाबरून गेली. मेंदू तिथून बराच दूर होता. तिने गालामागचा सायनस शोधला होता! ही हकिकत मनात राहू द्या, दातांचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

टाकीचा नळ वरच्या बाजूला

पाण्याच्या टाकीचा नळ तळाशी असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. गालामागच्या सायनसचं बाहेर पडायचं तोंड मात्र जवळजवळ वरच्या टोकाला असतं. मग आतला चिकट द्राव बाहेर येतो कसा? अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते एका लयीत हलतात आणि द्रावाला चढावरून ढकलत तोंडापाशी नेतात. ऊस तोडून झाल्यावर मोळ्या हातोहात वर गाडीत चढवतात ना, तसं. सर्दीत ते तोंड सुजून बंद होतं, केसांचं काम मंदावतं आणि द्राव तुंबतो. खाली वाकलं की गाल जड वाटतात, ते यामुळे.

याच पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली मोजून दाखवलं, की तोंड मिटून 'म्म्म्' असा गुंजारव करत श्वास सोडला तर नाकातून बाहेर येणारा हा वायू शांत श्वासाच्या तुलनेत १५ पट होतो. कंपनांमुळे पोकळ्यांतली हवा भराभर बदलते. भ्रामरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. तिला लगेच हेही सांगितलं, की प्रयोगात मोजली ती हवा. आजार बरा झाल्याचं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

बैलाचं शिंग आणि बैलाचं नाक

शेतकऱ्यांनी पाहिलं असेल, की बैलाचं शिंग बुडापासून मोडलं तर कधी कधी त्याच्या नाकातून रक्त येतं. वाढलेल्या जनावराच्या कपाळातला सायनस शिंगाच्या आतल्या हाडात शिरलेला असतो, म्हणून रक्ताला शिंगातून नाकाकडे यायला वाट मिळते. पोळ्याला आपण ज्या शिंगांना बेगड लावतो, त्यांच्या बुडाशी बैलाचा सायनस असतो. म्हणून मोडलेल्या शिंगाकडे दुर्लक्ष करू नका. ती जखम उघड्या सायनसची असते, तिला पशुवैद्यच हवा.

'क्ष' हा क्ष कुठून आला?

बीजगणितात न कळलेल्या आकड्याला आपण 'क्ष' धरतो. जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्ग गावी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेनना प्रयोगशाळेत एक पडदा आपोआप चमकताना दिसला. प्रयोगातली विजेची नळी काळ्या कागदात गुंडाळलेली होती, तरी तिच्यातून काहीतरी बाहेर येत होतं. काय येतंय ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी नाव दिलं 'एक्स'. मराठीने त्याचं 'क्ष-किरण' केलं. इतकं चपखल भाषांतर क्वचित जमतं! त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि त्यावर काळीकुट्ट अंगठी. भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल १९०१ साली त्यांनाच मिळालं. त्यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही आणि बक्षिसाची रक्कम विद्यापीठाला दिली. गावोगावच्या दवाखान्यांत हे यंत्र इतक्या लवकर पोचलं, त्यात या माणसाच्या उदारपणाचा वाटा आहे. जगभर ८ नोव्हेंबर हा क्ष-किरण विभागातल्या लोकांचा दिवस म्हणून पाळतात.

आता नथीचं

राँटगेनबाईंच्या अंगठीची गोष्ट इथे कामाला येते. धातू किरणांना अडवतो, म्हणून त्याची ठसठशीत सावली उमटते. सोनं तर शिशापेक्षाही जड. एक घन सेंटिमीटर शिसं ११.३ ग्रॅम भरतं, तेवढंच सोनं १९.३ ग्रॅम. किरण अडवण्यात सोनं शिशाच्या पुढे जातं, परवडत नाही एवढंच. तेव्हा नाकातली चमकी, नथ, कानातली कुडी, बुगडी, गळ्यातली साखळी, केसांतल्या पिना, चिमटे, चष्मा, कानाचं यंत्र सगळं काढायचं. कवळी असेल तर तीही. घट्ट वेणी किंवा अंबाडा डोक्याच्या मागे असेल तर सोडायचा, कारण दाट केसांचीही पुसट सावली येते.

मावशीची चमकी पंचवीस वर्षांत निघालेली नव्हती. फिरकी रुतून बसली होती. तंत्रज्ञ मुलीने साबणाचं पाणी आणलं, मावशीने डोळे मिटले, आणि तिसऱ्या प्रयत्नात चमकी निघाली. ती मुलगी म्हणाली, "आजी, सावकाश. चमकी राहिली तर फोटोत नेमकी पाहायच्या जागेवर येते, मग पुन्हा काढावा लागतो." ज्यांना दागिना काढणं अवघड आहे त्यांनी आदल्या रात्रीच तेल किंवा साबण लावून फिरकी सैल करून ठेवा. आणि दागिने घरीच ठेवा. तिथल्या ट्रेमध्ये विसरून आलेली कर्णफुलं शोधत परत जाण्याइतकी वाईट धावपळ दुसरी नाही.

हनुवटी वर, आ करा, हलू नका

आत गेल्यावर भिंतीशी उभ्या पट्टीसमोर तोंड करून उभं करतात. हनुवटी पट्टीला टेकवायची, नाक मात्र बोटभर लांब. "आ करा." यातल्या प्रत्येक सूचनेमागे कारण आहे.

हनुवटी वर का? गालांच्या पोकळ्यांच्या मागे, कानापाशी, कवटीतलं एक फार कठीण हाड आहे. मान सरळ ठेवली तर त्याची पांढरी सावली नेमकी गालांवर पडते. हनुवटी उचलली की ती सावली खाली सरकते आणि गाल मोकळे दिसतात. मान चुकली तर निरोगी सायनसही भरल्यासारखा दिसू शकतो, म्हणून तंत्रज्ञ दोन-तीनदा डोकं हलवून बसवतात. त्यांना घाई करू नका.

तोंड उघडं का? पार आतला, कवटीच्या तळाचा सायनस दिसायला या कोनातून दुसरी खिडकी नाही. उघड्या तोंडातून तो दिसतो.

तोंड पट्टीकडे आणि पाठ यंत्राकडे का? आपला फोटो आणि आपणच पाठमोरे, याचं मावशीला फार नवल वाटलं. वस्तू पट्टीच्या जितकी जवळ, तितकी तिची सावली रेखीव. सायनस चेहऱ्यात असतात, म्हणून चेहरा पट्टीपाशी. दुसरा फायदा मोठा आहे. किरण डोक्याच्या मागून येतात, त्यामुळे डोळ्याच्या नाजूक भिंगापर्यंत ते पोचतात तोवर त्यातले बरेच शोषले गेलेले असतात.

आणि उभंच का, झोपून का नाही? तेलाची अर्धी भरलेली बाटली उभी धरा. तेलाची सरळ रेघ दिसते. तीच आडवी ठेवून वरून पाहा, सगळीकडे तेलच तेल. सायनसमध्ये द्राव साचला असेल तर उभ्या माणसातच त्याची पातळी रेघेसारखी दिसते. एखाद्याला चक्कर येत असेल आणि उभं राहवत नसेल, तर बसवून काढता येतो. आधी सांगा मात्र.

कपाळातले सायनस पाहायचे असतील तर कधी कधी दुसरी तऱ्हा वापरतात, कपाळ आणि नाक पट्टीला टेकवून. तिला 'कॉल्डवेल व्ह्यू' म्हणतात. युजीन कॉल्डवेल हा न्यू यॉर्कचा इंजिनिअर, पुढे डॉक्टर झालेला. किरणांनी झालेल्या इजांमुळेच १९१८ साली त्याचा मृत्यू झाला. तेव्हाच्या लोकांना किरणांपासून बचाव कसा करायचा हे ठाऊक नव्हतं. आज आपला एक्सरे इतका निर्धोक आहे, त्याची किंमत या माणसांनी दिली आहे. सायनसच्या जुन्या 'कॉल्डवेल-लूक' शस्त्रक्रियेतला कॉल्डवेल मात्र वेगळा, जॉर्ज कॉल्डवेल.

'घुंऽऽ' आणि 'टक'

"श्वास धरा" म्हटल्यावर मोठ्या यंत्रातून घरघर ऐकू येते. किरण निघायच्या आधीचा आवाज आहे तो. नळीच्या आत टंगस्टनची एक चकती असते आणि तिच्यावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळतात. त्यांच्या ऊर्जेतली सुमारे ९९ टक्के नुसती उष्णता होते, जेमतेम एक टक्का क्ष-किरणांच्या वाट्याला. एकाच जागी मारा झाला तर चकती वितळेल. म्हणून आधी तिला मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरवतात, तीच ही घरघर. प्रत्यक्ष किरण निघतात सेकंदाच्या छोट्या अंशापुरते. दुखत नाही, गरम लागत नाही, आणि बटण सुटलं की खोलीत किंवा अंगात किरण मागे उरत नाहीत. घरी येऊन आंघोळ करायची गरज नाही, तान्ह्या बाळाला लगेच पाजता येतं.

ज्या उभ्या पट्टीला हनुवटी टेकवता तिला तंत्रज्ञ 'बकी' म्हणतात. "बकीला टेका." हेही आडनावच! गुस्ताव बकी या जर्मन डॉक्टरने १९१३ मध्ये इकडेतिकडे भरकटणारे किरण गाळून टाकणारी जाळी शोधली, त्यामुळे चित्र धूसर यायचं थांबलं. हे बकी आइन्स्टाइन यांचे जवळचे मित्र. दोघांनी मिळून, उजेडाप्रमाणे आपोआप जुळवून घेणारा कॅमेरा तयार केला आणि १९३६ साली त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं.

किरण किती लागतात?

जगात जगताना माती, दगड, हवा, आकाश यांतून आपल्याला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट इतकं प्रारण मिळतंच. डोक्याच्या एका साध्या एक्सरेचं मोजमाप साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. म्हणजे फार तर पंधरवडाभर नुसतं जगण्याइतकं. सायनसच्या सीटी स्कॅनला याच्या कितीतरी पट लागतं, जरी नव्या यंत्रांनी तेही पुष्कळ कमी केलं आहे.

गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर आत जाण्यापूर्वीच सांगा. डोक्याच्या एक्सरेत पोटापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात, म्हणून आधीच काढून झाला असेल तर घाबरून जाऊ नका. पण थांबता येण्यासारखं असेल तर डॉक्टर थांबवतील. मुलाला धरायला आत जायची वेळ आली तर जी व्यक्ती गरोदर नाही तिने जावं आणि शिशाचा एप्रन मागून घ्यावा. बाकीच्या नातेवाइकांनी बाहेरच थांबायचं.

तंत्रज्ञाच्या छातीवरचा बिल्ला पाहिलात? अनेकांना वाटतं त्याने किरण अडतात. त्याने फक्त मोजले जातात. आतल्या चकत्यांत किरणांची नोंद साठते आणि ठरावीक महिन्यांनी बिल्ला तपासायला जातो. या चकत्यांची पद्धत आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बसवलेली आहे. देशातल्या एक्सरे केंद्रांना परवानगी देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. तुमच्या गावच्या केंद्राला त्याचा परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

काळं ते चांगलं

फिल्म हातात आली की आपण उजेडाकडे धरून पाहतोच. एवढं लक्षात ठेवा: हवा काळी, हाड पांढरं. निरोगी सायनस काळाभोर दिसतो, साधारण डोळ्यांच्या खोबणीइतका. तो राखाडी किंवा पांढुरका झाला तर आत हवेऐवजी काहीतरी आहे.

रिपोर्टातले शब्द वाचून जीव घाबरा होतो, म्हणून त्यांचा अर्थ. 'हेझीनेस' म्हणजे धूसरपणा. 'म्युकोझल थिकनिंग' म्हणजे अस्तर जाड झालंय. 'एअर-फ्लुइड लेव्हल' म्हणजे ती तेलाच्या बाटलीतली रेघ, आणि ही रेघ महत्त्वाची. 'रिटेन्शन सिस्ट' म्हणजे अस्तरातली द्रवाची गाठ, ती पुष्कळदा निरुपद्रवी असते. 'डीएनएस' म्हणजे नाकाचा मधला पडदा एका बाजूला झुकलेला. आपण 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. अगदी सरळ पडदा असलेली माणसं कमी, त्यामुळे ही तीन अक्षरं दिसली की लगेच ऑपरेशन, असं काही नाही. शेवटी लिहिलेलं असतं 'क्लिनिकल कोरिलेशन'. म्हणजे, हे चित्र तुमच्या त्रासाशी ताडून पाहा. हे काम तुमच्या डॉक्टरांचं. म्हणून फक्त रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, माणूस समोर लागतो.

एक्सरेला जे कळत नाही

आता मला मनापासून सांगायचंय ते. एक्सरे म्हणजे सावली. भिंतीवर हाताने केलेल्या हरणाच्या सावलीवरून हात कुणाचा ते कळतं का? राखाडी सायनसमध्ये पू आहे, नुसती सूज आहे की मांस वाढलंय, हे एक्सरे वेगळं सांगू शकत नाही. ॲलर्जी आहे का, जंतू आहे की विषाणू, हेही नाही. दोन डोळ्यांमधल्या बारीक कप्प्यांत तर त्याला फारसं दिसतच नाही.

१९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. साधी सर्दी झालेल्या ३१ माणसांचा सीटी स्कॅन केला, तर ८७ टक्के लोकांच्या गालामागच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. साध्या सर्दीत! दोन आठवड्यांनी, कोणतीही अँटिबायोटिक न देता, ज्यांचा स्कॅन पुन्हा केला त्यांच्यातल्या बहुतेकांचं चित्र सुधारलं किंवा पूर्ण साफ झालं. सर्दीच्या तिसऱ्या दिवशी एक्सरे काढला तर तो धूसर येणारच, आणि धूसर दिसला की अँटिबायोटिक सुरू होण्याचा मोह होणारच. म्हणूनच सर्दी-सायनसचं पहिलं दुखणं बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतं, त्यासाठी फोटो लागत नाही, असं आजचं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. लहान मुलांबाबत तर अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की सर्दी कोणती आणि जंतूंचा सायनसायटिस कोणता, हे ओळखण्यासाठी एक्सरे काढू नये. मग एक्सरे कधी? दुखणं लांबलं, सीटी जवळपास नाही किंवा परवडत नाही, आणि डॉक्टरांना नेमकं काहीतरी पाहायचंय, तेव्हा. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सीटीच लागतो आणि नाकात दुर्बीण घालून पाहावंच लागतं. "एकदा एक्सरे काढूनच टाका ना डॉक्टर," असा हट्ट धरू नका. "या एक्सरेने उपचारात काय बदलेल?" असं नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

दुसरी गोष्ट डोकेदुखीची. आपलं 'सायनसचं डोकं' दुखतंय असं मानणाऱ्या २,९९१ लोकांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या, म्हणजे आपल्या अर्धशिशीच्या, कसोटीत बसलं. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ जड होतं. एक्सरे स्वच्छ आला आणि डोकं तरीही ठणकत असेल, तर "रिपोर्टात काही नाही" म्हणून स्वतःला कुढत ठेवू नका. अर्धशिशीवर चांगली औषधं आहेत.

आणि हायमोरच्या त्या बाईचा दात! वरच्या दाढांची मुळं गालामागच्या सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात. एकाच बाजूचा सायनस पुन्हा पुन्हा भरतोय, नाकातून घाण वास येतोय, तर दंतवैद्याकडे जाऊन वरच्या दाढा तपासून घ्या. मावशीचं नेमकं हेच निघालं. महिनाभर ती वाफारे घेत होती आणि दुखणं होतं किडक्या दाढेत.

नाक मिठाच्या पाण्याने धुण्याने अनेकांना आराम पडतो. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाच्या कच्च्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. अमेरिकेत लुइझियानात २०११ साली अशाने दोघांचे जीव गेले.

कपाळावरची सही

कपाळातल्या सायनसची कडा प्रत्येकाची वेगळी, फुलकोबीच्या कापासारखी. जुळ्या भावंडांचीसुद्धा सारखी नसते. ओळख न पटलेल्या मृतदेहाच्या कवटीचा एक्सरे जुन्या एक्सरेशी जुळवून ओळख पटवता येते. कल्बर्ट आणि लॉ यांनी असं प्रकरण १९२७ साली प्रसिद्ध केलं, आणि न्यायवैद्यकात ही पद्धत आजही वापरतात. तुमचा जुना एक्सरे सांभाळण्याचं हे आणखी एक कारण.

फिल्म जपा, पण ग्रहणाला काढू नका

आमच्या लहानपणी सूर्यग्रहण आलं की कपाटातून एक्सरे निघायचे आणि गच्चीवर सगळी आळी त्यातून सूर्य पाहायची. हे कुणीही करू नये. फिल्म उजेड कमी करते म्हणून डोळे दिपत नाहीत, पण न दिसणारे अवरक्त किरण आत जातच राहतात आणि दृष्टिपटल भाजतं. दुखतही नाही, कळतही नाही. दिसायचं कमी होतं ते कायमचं.

जुन्या फिल्मचा एक उपयोग मात्र ऐकण्यासारखा. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात पाश्चात्त्य संगीतावर बंदी होती. तरुणांनी रुग्णालयांतून टाकून दिलेल्या एक्सरे फिल्म मिळवल्या, गोल कापल्या, मधलं भोक सिगारेटने पाडलं आणि त्यावर गाणी कोरली. कुणाच्या बरगड्यांवर, कुणाच्या कवटीवर जाझ वाजायचं. त्याला नाव पडलं 'हाडांवरचं संगीत'.

जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून भंगारवाले ती विकत मागतात. द्यायच्या आधी विचार करा. पुढच्या वेळी डॉक्टरांना मागचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी ठेवून पाहता आलं, तर त्याचा उपयोग नव्या एक्सरेहून मोठा. आता बऱ्याच ठिकाणी फिल्मऐवजी कागद किंवा मोबाइलवर दुवा देतात. तो दुवा काही दिवसांनी बंद होतो, म्हणून चित्र त्याच दिवशी उतरवून ठेवा.

आणि हे आधी वाचा, मग बाकीचं

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली. करोनातून उठलेली, साखर वाढलेली, स्टिरॉइड घेतलेली माणसं, आणि सुरुवात सायनसपासून. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. साध्या एक्सरेवर विसंबून ती पकडता येत नाही. नाकातली दुर्बीण, सीटी किंवा एमआरआय आणि तुकड्याची तपासणी लागते, आणि वेळ फार थोडा असतो.

म्हणून घरात मधुमेही असोत वा नसोत, ही लक्षणं फ्रिजवर लिहून लावा: डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणं, दिसणं कमी होणं, चेहऱ्याची एक बाजू सुजणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट द्राव, टाळूवर काळा डाग, खूप ताप आणि मान आखडणं, न थांबणारी डोकेदुखी आणि ग्लानी. यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी एक्सरेच्या रांगेत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात, कान-नाक-घसा तज्ज्ञ असतील तिथे, रात्र असली तरी जा.